जुनी, लाखो किलोमीटर चाललेली कॅम्पर व्हॅन घ्यायची का? पहिल्या फोनपासून टोकन देईपर्यंत सगळं

कॅम्पर व्हॅनची (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय केलेल्या व्हॅनची) जाहिरात उघडली की नजर आधी दोनच गोष्टींवर जाते, आतले फोटो आणि किलोमीटरचा आकडा. लाकूडकाम छान दिसलं, पिवळे दिवे लागलेले दिसले की मन तिथेच अडकतं, आणि खाली ३ लाख किलोमीटर वाचलं की तेच मन दचकतं. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललेलं डिझेल इंजिन ३ लाखांनंतरही बरीच वर्षं चालू शकतं, आणि अगदीच गेलं तर दुसरं बसवता येतं, गिअरबॉक्सचंही तेच. पण चॅसी सडलेली असेल किंवा छतातून आलेलं पाणी भिंतीत मुरलेलं असेल तर आतलं सगळं घर उचकटावं लागतं आणि त्याची मजुरीच गाडीच्या किमतीच्या वर जाते. म्हणून बघायचा क्रम असा ठेवा: आधी गंज, मग ओल, मग इंजिन-गिअरबॉक्स, मग आतलं घर, आणि उशा-पडदे सगळ्यात शेवटी.

अजून एक, तुम्ही एक वस्तू घेत नाही, दोन घेताय. एक जुनी गाडी आणि एक जुनं छोटं घर. दोन्हीची वयं वेगळी असू शकतात (२० वर्षांच्या डिलिव्हरी व्हॅनमध्ये कोणीतरी ३ वर्षांपूर्वी घर बसवलेलं असतं), बिघडायची कारणं वेगळी, आणि तपासणारी माणसंही वेगळी. गाडीचा मेकॅनिक गॅसच्या पाइपाकडे ढुंकून बघणार नाही आणि कॅम्परचं काम करणारा टायमिंग बेल्टबद्दल (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) बोलणार नाही. मधल्या भागात जे राहतं ते तुम्हालाच बघायचंय.

जायच्या आधी घरबसल्या

पहिलं, गाडी उभी कुठे करणार. उंच छताची व्हॅन सहज अडीच मीटरच्या वर जाते, त्यावर सोलर पॅनेल आणि व्हेंट धरा, म्हणजे बहुतेक बंदिस्त पार्किंगमध्ये जाणारच नाही. मोजपट्टी घ्या, आपल्या जागेचं दार मोजा, मग जाहिराती बघा. दुसरं, लायसन्स. बऱ्याच देशांत साध्या कारच्या लायसन्सवर ३,५०० किलो एकूण वजनापर्यंतच गाडी चालवता येते, आणि इथे गाडीचं रिकामं वजन मोजत नाहीत, कागदावरचं कमाल वजन मोजतात. तिसरं, धुराचे नियम. युरोपातल्या बऱ्याच शहरांनी जुन्या डिझेलवर बंदी किंवा चार्ज लावलाय आणि मोठ्या व्हॅन्समध्ये युरो ६ (युरोपचं धुराचं कडक मानक) पाळणारी इंजिनं साधारण २०१५-१६ पासूनच यायला लागली, त्याआधीची गाडी घेणार असाल तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर ती चालते का ते आधी बघून घ्या, नाहीतर गाडी झकास आणि घरापर्यंत आणता येत नाही असं व्हायचं.

आणि मॉडेलचा अभ्यास. प्रत्येक व्हॅनचं एखादं ठरलेलं दुखणं असतं आणि ते एका संध्याकाळी वाचून कळतं. पहिल्या पिढीच्या मर्सिडीज स्प्रिंटरला (१९९५ ते २००६) गंज फार लागतो. फोक्सवॅगन टी-थ्रीच्या पाण्याने थंड होणाऱ्या पेट्रोल इंजिनांची हेडची (इंजिनाच्या वरच्या भागाची) सीलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गाळतात. टी-फाइव्हच्या २.५ लिटर पाच सिलिंडर डिझेलचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) झिजतात. २००६ नंतरच्या सुरुवातीच्या फियाट ड्युकॅटो रिव्हर्समध्ये चढावर थरथरतात. फोर्ड ट्रान्झिटच्या २.० इकोब्लू इंजिनात टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो आणि त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतात. म्हणजे त्या गाड्या वाईट असं नाही हां, फक्त तिथे गेल्यावर टॉर्च आधी कुठे मारायचा ते तुम्हाला माहीत असतं, आणि विकणाऱ्यालाही कळतं की समोरचा कोरा नाहीये.

फोनवरच अर्धं काम होतं

फोनवर आधी सरळ विचारा की गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे आणि का विकताय. उत्तरापेक्षा उत्तर किती पटकन येतं ते ऐका. मग विचारा टायमिंग बेल्ट कधी बदलला आणि बिल आहे का. "मागच्या मालकाने केलाय बहुतेक" याचा अर्थ केलेला नाही असाच धरायचा, तसा हिशोब करायचा. मग विचारा, कधी पाणी गळलंय का आत? इथे "कधीच नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "हो, मागच्या व्हेंटमधून गळत होतं, असं असं करून घेतलं" म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो, कारण जुन्या कॅम्परचं छत कधीच गळलं नाही हे जरा अवघडच आहे.

मग काही विनंत्या करा. मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, थंडच राहू द्या. फ्रीज आदल्या रात्री लावून ठेवा, कारण गॅसवर चालणारे ते जुने फ्रीज थंड व्हायलाच कित्येक तास घेतात आणि तिथे जाऊन अर्ध्या तासात काहीच कळत नाही. पाण्याची टाकी थोडी भरून ठेवा, गॅसचं सिलिंडर जोडलेलं असू द्या. यातलं काहीच करायला तयार नसेल तर लांबचा प्रवास करून जायची गरज नाही. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर जा, कोरड्या कडक उन्हात प्रत्येक छत चांगलंच असतं.

किलोमीटरचा आकडा वाचायचा कसा

आकडा वयाने भागा. २० वर्षांत ३ लाख म्हणजे वर्षाला १५ हजार, हे अगदी सामान्य झालं. उलट २० वर्षांत फक्त ६० हजार, म्हणजे वर्षाला ३ हजार, हे ऐकायला गोड वाटतं पण ती गाडी बहुतेक वेळ उभीच होती. उभ्या गाडीत रबरी होज आणि सीलं कडक होतात, ब्रेकची डिस्क गंजते, कॅलिपर अडकतात, टाकीत डिझेल जुनं होतं, आणि मधेमधे पाच मिनिटं चालू करून बंद केलेलं इंजिन कधी नीट तापतच नाही त्यामुळे ऑइलमध्ये पाणी साठत राहतं. हायवेवर एका चालीत चाललेले ३ लाख हे गावात थांबत-थांबत चाललेल्या दीड लाखापेक्षा इंजिनाला, क्लचला, गिअरबॉक्सला हलके जातात. त्यामुळे आकडा किती यापेक्षा तो कसा झाला ते विचारा. आधी ती गाडी डिलिव्हरीची होती का, की अँब्युलन्स? अँब्युलन्स तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि ते तास मीटरवर कुठेच येत नाहीत. काही गाड्यांत इंजिनाचे एकूण तास डॅशबोर्डच्या मेनूत सापडतात, असतील तर बघाच.

आकडा खरा आहे का हेही बघायचं. सर्व्हिस बिलं, ऑइल बदलल्याचे स्टिकर, जुने तपासणीचे कागद काढून तारीख आणि किलोमीटर एका कागदावर ओळीने लिहा. ओळ हळूहळू वर जायला हवी, मधेच खाली आली तर विषय संपला. कागद नसतील तर पेडलचं रबर, स्टिअरिंग आणि ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड बघा. ९० हजार किलोमीटरमध्ये क्लच पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही.

गंज

जुने कपडे घालून जा, खाली झोपायचंय. टॉर्च, लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रूड्रायव्हर एवढं पुरतं.

वरवरचा तपकिरी गंज जुन्या गाडीच्या खाली असणारच, एक्सलवर, सायलेन्सरवर, नट-बोल्टवर. त्याने घाबरू नका. बघायचं ते पत्रा जिथे भार घेतो तिथे: दाराखालचे सिल, चाकांच्या कमानींची आतली बाजू, चॅसीच्या लांब पट्ट्या, सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं त्या जागा, जॅक लावायचे पॉइंट, आणि पुढच्या काचेची चौकट. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा (मालकाला विचारून, अर्थात). चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो, आणि कधीकधी पापुद्रे हातात येतात. पत्र्याचा पापुद्रा सुटत असेल तर तो वरवरचा गंज राहिलेला नाही.

विकायच्या आधी खालून नवीकोरी काळी अंडरकोटिंग मारलेली असेल तर मला आनंद होत नाही, शंका येते. गंज घासून, वेल्ड करून, मग कोटिंग केलं असेल तर कामाचे फोटो असतात, लोक असे फोटो अभिमानाने दाखवतात. फोटो नाहीत आणि कोटिंग मागच्या महिन्यातलं, तर खाली काय आहे कोणालाच माहीत नाही, आणि असल्या कोटिंगखाली ओल अडकून गंज अजून जोरात वाढतो. बाहेरून चुंबक फिरवा, सिलवर आणि कमानीवर. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

आणि आतून. हे बहुतेक लोक करतच नाहीत. मागच्या बेडची फळी उचला, खालचं सामान बाजूला करा, चाकाच्या कमानीवरचं कार्पेट किंवा इन्सुलेशन जिथे सुटं असेल तिथे बोटाने बाजूला करून टॉर्च मारा. घरी बदल केलेल्या व्हॅन्समध्ये खिडकीसाठी पत्रा कापलेला असतो आणि कापलेल्या कडेला रंग न मारताच खिडकी बसवलेली असते, तिथून गंज आतल्या बाजूने खाली उतरतो आणि बाहेर दिसेपर्यंत वर्षं जातात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत बाहेरून रंगाला बारीक फुगे आलेत का बघा.

ओल

दार उघडल्यावर पहिला श्वास घ्या. खरंच. सगळी दारं-खिडक्या बंद असलेली व्हॅन उघडल्यावर कोंदट, बुरशीचा वास आला तर ओल आहे, मग ती दिसो न दिसो. आणि गेल्या-गेल्या आतून एअर फ्रेशनरचा घमघमाट आला, तेही सगळी दारं आधीच सताड उघडून ठेवलेली, तर थोडा वेळ दारं बंद करायला सांगा, बाहेर गप्पा मारा आणि मग परत आत जा.

मग हात. छतावरच्या व्हेंटच्या चौकटीभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, वरच्या कपाटांच्या आत मागच्या भिंतीला, शॉवरच्या तळाशी आणि सरकत्या दाराजवळच्या जमिनीवर तळहात दाबत जा. भिंत दबली, कागद फुगलेला लागला, प्लायवूड मऊ वाटलं की थांबा. जमिनीवर पूर्ण वजन टाकून हळूहळू चाला, कुठे दबतं किंवा कुरकुरतं ते कळेल. गादी उचलून खालची बाजू बघा, काळे ठिपके तिथे आधी येतात.

ओल मोजायचं छोटं मीटर स्वस्तात मिळतं आणि या एका कामासाठी ते घेण्यासारखं आहे. लाकडी भिंतींवर साधारण १५ टक्क्यांच्या आत आकडा ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवायचं, २० च्या वर म्हणजे कुठून तरी पाणी येतंय, आणि ३० च्या वर आतलं लाकूड सडलेलं असायची शक्यता खूप. एका जागेचा आकडा घेऊ नका, सगळीकडे घ्या आणि तुलना करा. मागे धातूचा पत्रा किंवा फॉइल असेल तर मीटर उगाच जास्त दाखवू शकतं, त्यामुळे नुसत्या पत्र्याच्या व्हॅनमध्ये मीटरपेक्षा नाक आणि हात बरे.

शिडी मिळाली तर छतावर चढू नका, शिडीवरूनच बघा. सीलंटला भेगा, काळ्या रेघा, आणि जुन्या सीलंटवर थापलेला नवा पांढरा सिलिकॉनचा थर. असा थर म्हणजे गळत होतं आणि कोणीतरी घाईत वरून लपवलंय, जुनं काढून नीट केलेलं नाही. छत वर उचलायचं मॉडेल असेल तर ते पूर्ण उघडून कापडाच्या घड्यांवर आणि शिलाईवर टॉर्च मारा, आतून बाहेरचा उजेड दिसला तर पाऊसही आत येणार.

इंजिन, थंड असताना

बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही सांगूनही चालू केलेलं आहे, आणि असं लोक सहसा थंड इंजिन नीट चालू होत नाही म्हणूनच करतात.

थंड असतानाच कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा (गरम असताना कधीच नाही, उकळतं पाणी अंगावर येतं). वर तेलाचा तवंग, तपकिरी गाळ नको. ऑइलचं झाकण काढा, आतून मलईसारखा पिवळसर थर असेल तर एकतर कूलंट ऑइलमध्ये जातंय नाहीतर गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारते. दुसरं कारण निरुपद्रवी आहे, पण कुठलं ते डिपस्टिकवर बघून ठरवा, तिथेही तसंच दिसलं तर हात जोडा आणि निघा. मग झाकणं लावा, चालू करायला सांगा, आणि तुम्ही स्वतः सायलेन्सरच्या मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, जुन्या डिझेलने एकदम दाबल्यावर थोडासा काळा सोडला तर चालतं. पांढरा पहिली दोन-चार मिनिटं थंडीत येतोच, तापल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय.

आता रेडिएटरला जाणारा वरचा जाड होज हातात धरा. चालू करून मिनिटभरही झालेलं नाही, इंजिन अजून गारच आहे आणि होज दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय. मेकॅनिककडे निळ्या द्रवाची एक टेस्ट असते, कूलंटच्या टाकीवर लावायची, रंग बदलला की शंकाच उरत नाही. डिझेल असेल तर इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा, थोडी वाफ-फुंकर येणारच, पण झाकण उडवण्याइतका जोर असेल तर पिस्टन रिंग झिजल्यात.

टायमिंग बेल्टचा विषय परत काढतो कारण पैसे इथेच बुडतात. कंपनीने दिलेली मुदत इंजिनाप्रमाणे वेगळी, बऱ्याचदा १ लाख ते दीड लाख किलोमीटरच्या आसपास, पण सोबत वर्षांचीही मुदत असते आणि कॅम्परमध्ये वर्षंच आधी संपतात. बहुतेक डिझेलमध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेडचं काम निघतं. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप तिन्हींचा खर्च आजच्या किमतीतून वजा करा. काही इंजिनांत बेल्टच नसतो, चेन किंवा गिअर असतात (ती वर सांगितलेली टी-फाइव्हची २.५ गिअरवर चालते), त्यामुळे आधी तुमच्या इंजिनात काय आहे ते माहीत करून घ्या, नाहीतर नसलेल्या बेल्टवरून भाव कमी करायला जाल.

गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचा छोटा स्कॅनर जवळ ठेवा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या, युरोपात पेट्रोलच्या २००१ आणि डिझेलच्या साधारण २००४ पासूनच्या गाड्यांना तो जोडता येतो. एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका, 'रेडीनेस'चं पान (गाडीने स्वतःच्या कोणत्या टेस्ट पूर्ण केल्यात ते दाखवणारं) उघडा. तिथे बऱ्याच टेस्ट अपूर्ण दाखवत असेल तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत नाहीतर बॅटरी काढली होती.

चालवून बघणं

गल्लीतून एक चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नाही. निदान अर्धा-पाऊण तास हवा, त्यात हायवेचा वेग आणि एक चढ. विमा तुम्हाला लागू आहे का ते आधी विचारा. चौथ्या गिअरला ५० च्या आसपास असताना पूर्ण दाबा, आवाज आणि आरपीएम उडी मारून वर गेले आणि वेग तसाच राहिला तर क्लच संपलाय. न्यूट्रलला क्लच सोडून-दाबून खडखड ऐका. ऑटोमॅटिक असेल तर थंड असताना आणि तापल्यावर दोन्ही वेळा गिअर बदलताना झटका येतो का बघा, त्याचं ऑइल कधी बदललं ते विचारा, "याचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही" हे उत्तर २ लाखांच्या पुढे मी तरी मानत नाही. सुरक्षित ठिकाणी रेडिओ बंद करून जोरात ब्रेक मारा. वळणावर घूं-घूं आवाज बदलत असेल तर व्हील बेअरिंग. तापमानाचा काटा चढावर वर सरकला तर थांबा.

कपाटांची खडखड सगळ्याच कॅम्परमध्ये असते, तिचा त्रास करून घेऊ नका.

परत आल्यावर टायर. नक्षी भरपूर असते कारण गाडी कमी चालते, पण वय? टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा, २३१५ असेल तर २०१५ सालचा २३ वा आठवडा. १० वर्षांच्या वरचा टायर कितीही छान दिसो, बदलायचाच, आणि ५-६ वर्षांपासून बाजूच्या बारीक भेगा बघायच्या. सहा नवे टायर लागणार असतील (मागे जोडचाकं असलेल्या व्हॅन्सना लागतात) तर तो आकडा छोटा नसतो.

आतलं घर

इथे सगळं चालवून बघायचं, "चालतं ते, फक्त गॅस नाहीये" हे ऐकून घ्यायचं नाही. जे चालताना दिसलं नाही ते बंद आहे असं धरून किंमत करा.

गॅसला मात्र मस्करी नको. रबरी पाइपवर तारीख छापलेली असते, रेग्युलेटरवरही, १० वर्षांच्या पुढचे सरळ बदलायचे. जोडांवर साबणाचं पाणी लावून फुगे बघा. सिलिंडर ठेवायच्या कप्प्याला तळाशी उघडं भोक हवंच कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. कार्पेटखाली ते भोक बंद केलेलं असेल तर बाकीचं कामही कोणी केलंय याचा अंदाज येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि त्याची मुदत संपली नाही ना?

वायरिंग घरी केलेलं असेल तर बॅटरीपासून सुरुवात करा. पॉझिटिव्ह तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज दिसायला हवा. तो नसेल, तारा पत्र्याच्या भोकातून रबराशिवाय गेल्या असतील, जोडांना नुसती चिकटपट्टी असेल तर सगळं वायरिंग नव्याने करायचा खर्च धरा, कारण अशा गाड्यांना आग लागते. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास चार्जिंगशिवाय ठेवून मीटरने मोजा: १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. लिथियमला हे आकडे लागू नाहीत. सोलर, फॅन, दिवे ठीक असले तर ठीक, नसले तरी ते स्वस्तात होतं, त्यावर वेळ घालवू नका.

पाणी: पंप चालू करून नळ बंद ठेवा. पंप थांबला पाहिजे. अधूनमधून आपोआप घुरघुरला तर कुठेतरी गळतंय. थंड हवेत पाणी न काढता गाडी ठेवली असेल तर बॉयलर आणि जोड तडकतात आणि ते पाणी भरल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच टाकी भरायला सांगितलं होतं.

मागच्या सीटचे बेल्ट कशाला बांधलेत ते खाली वाकून बघा. नुसत्या प्लायवूडला बोल्ट असतील तर ती बसायची सीट नाही, मुलांना तर अजिबात बसवू नका. कागदावर किती सीट लिहिल्यात आणि आत किती आहेत हे जुळलं पाहिजे, तसंच गाडी कॅम्पर म्हणून नोंदलेली आहे की अजून माल वाहायची व्हॅन म्हणूनच आहे, हे विमा कंपनीला फोन करून विचारून घ्या. तिथे घोळ असेल तर क्लेमच्या वेळी अंगाशी येतो.

वजनाचं गणित

हे कोणीच करत नाही आणि म्हणून सविस्तर सांगतो. समजा पाटीवर कमाल वजन ३,५०० किलो. वजनकाट्यावर डिझेल भरून, माणसांशिवाय, गाडी भरली २,९८०. उरले ५२०. चार माणसं २८० धरा, उरले २४०. पाण्याची टाकी १०० लिटर म्हणजे १०० किलो, उरले १४०. भरलेली दोन लोखंडी गॅस सिलिंडर ५० धरा, उरले ९०. मागे रॅकवर दोन सायकली ४५. राहिले ४५ किलो, त्यात चार जणांचे कपडे, अंथरुणं, भांडी, खाणं, खुर्च्या. जमणारच नाही. आणि मागचा एक्सल त्याआधीच ओव्हरलोड झालेला असतो कारण सगळं सामान मागेच असतं. घरी केलेल्या कामात जाड प्लायवूड आणि खरं लाकूड वापरलेलं असतं, दिसतं सुंदर, वजन मात्र कोणी मोजलेलं नसतं. मालकाकडे वजनकाट्याची पावती मागा, नसेल तर टेस्ट ड्राइव्हमध्येच काट्यावर नेऊन आणा.

मग घ्यायची का?

तिथल्या तिथे हो म्हणू नका. घरी येऊन कागदावर तीन गट करा. पहिल्यात पहिल्या प्रवासाआधी करावंच लागेल असं: ब्रेक, टायर, बेल्ट, गॅस, फ्यूज. दुसऱ्यात वर्षभरात करावं लागेल ते: क्लच, शॉक, सीलंट, बॅटरी. तिसऱ्यात हौस. पहिल्या दोन गटांचे खरे दर मेकॅनिककडून फोनवर घ्या, अंदाज नको, आणि बेरीज विक्रीच्या किमतीत मिळवा. जो आकडा येतो ती त्या गाडीची खरी किंमत. तेवढ्यातच ५-७ वर्षं नवीन, कमी कामाची गाडी मिळत असेल तर ती घ्या. मिळत नसेल आणि गाडी गंज-ओलीत पास असेल तर जास्त किलोमीटरवाली जुनी गाडी खरंच चांगला सौदा ठरू शकते, कारण तिची किंमत जेवढी पडायची तेवढी पडून गेलेली असते. वर किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवायचीच, ती नसेल तर स्वस्तातली गाडी घ्या पण ती रक्कम ठेवा.

एक फसवी गोष्ट म्हणजे पार्ट. ट्रान्झिट, ड्युकॅटो, स्प्रिंटरचे इंजिनाचे पार्ट जुन्या मॉडेललाही मिळतात. अडतं ते घराच्या भागात, बंद पडलेल्या कंपनीची प्लास्टिकची खिडकी, छताचं झाकण, दाराचं विशिष्ट रबर. तडकलेली एक खिडकी "किरकोळ" म्हणून सोडू नका, आधी ती मिळते का बघा.

आणि वर्षाला दोन-तीन वेळाच बाहेर पडणार असाल तर विकतच्या ऐवजी भाड्याची घेऊन बघा, निदान एकदा तरी. पावसात दोन दिवस आत बसून काढल्यावर आपल्याला उभं राहता येईल एवढं छत हवंय की नको, टॉयलेट हवं की नको हे जाहिराती वाचून कळणाऱ्यापेक्षा खूप लवकर कळतं.

भार घेणाऱ्या पत्र्याला गंज, दबणारी भिंत किंवा जमीन, कडक होणारा होज, कागदाशी न जुळणारे चॅसी नंबर, कर्ज बाकी असलेले किंवा दुसऱ्याच्या नावाचे कागद, यातलं एकही निघालं तर भाव कमी करायला बसू नका, नाही म्हणा. बाकी सगळ्यावर घासाघीस होते. घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका, मालकाने तिच्यात बऱ्याचदा सुट्ट्या काढलेल्या असतात, तो चिडतो आणि भाव अडतो. बेल्टचा आणि टायरचा लेखी दर समोर ठेवा, तेवढं पुरतं.

जमलं तर टोकन द्या पण पावतीवर लिहून घ्या की आपल्या मेकॅनिकच्या तपासणीत गंभीर दोष निघाला तर टोकन परत. मेकॅनिक तुमचा हवा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आणि गाडी लिफ्टवर चढवूनच तपासायला सांगा. विकणारा याला तयार नसेल तर टोकन देऊ नका. गाडी ताब्यात आली की इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदमच बदला आणि त्या दिवशीचे किलोमीटर तारखेसकट एका वहीत लिहून ठेवा. पहिली रात्र घरापासून अर्ध्या तासावर काढा, हीटर, फ्रीज, पंप सगळं रात्रभर चालवून, म्हणजे काही बंद पडलं तर सकाळी गाडी सरळ मेकॅनिककडे नेता येते.